स्क्रूला हात लावण्याआधी: जुनी गाडी स्लोला का थांबत नाही

बेळगावच्या टिळकवाडीत रेल्वेचं फाटक पडलं की नव्या गाड्यांवरची मंडळी मोबाइल काढतात. जुन्या बुलेटवाल्याला ती चैन नसते. त्याचा उजवा हात सारखा रेस देत असतो, कारण हात सोडला की गाडी बंद पडणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं. रस्त्यावर तीच गाडी झकास पळते. खानापूरपर्यंत गेली-आली तरी कुरकुर नाही. पण उभी राहिली की संपली. रेस न देता इंजिन आपलं आपण चालू राहणं, म्हणजे स्लो, तो काही तिला टिकत नाही.

यावर आपल्याकडे उपाय ठरलेला आहे. स्क्रूड्रायव्हर घ्यायचा आणि कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) बाजूला जो स्क्रू दिसेल तो फिरवायचा. गाडी दोन दिवस बरी चालते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग शेजारचा फिरवतो, मग मेव्हणा फिरवतो. शेवटी गाडी गॅरेजला जाते तेव्हा मेस्त्रीचा पहिला प्रश्न असतो, "स्क्रू तुम्हीच फिरवलासा की आणि कुणी?" या प्रश्नात त्याचा राग असतो आणि तो रास्त आहे. मूळ दोष एक असतो, त्यावर आता चार जणांनी आपापले दोष चढवलेले असतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अशा गाड्या अजून पुष्कळ आहेत. म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी निघाल्या, तो कारखाना १९९६ ला बंद पडला. यामाहाची आरएक्स १०० सुद्धा त्याच साली थांबली. बुलेट चालू राहिली, पण आतून पार बदलली. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम आले आणि दुचाकीवरून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपारच झाला. त्यामुळे आज गॅरेजमध्ये शिकणारा पोरगा स्कॅनर लावायला शिकतो, जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) काढायला नाही. जुनी गाडी ठेवायची तर मालकालाच थोडं डोकं चालवावं लागतं.

आणि ते चालवायचं ते एकाच प्रश्नावर: गाडी बिघडते ती नेमकी केव्हा?

आत होतं काय

कार्बोरेटरची खालची वाटी म्हणजे पेट्रोलची छोटी टाकी. तिच्यात फ्लोट तरंगतो. पेट्रोल वर चढलं की फ्लोट वर जातो आणि एक टोकदार निडल वाट बंद करते. पेट्रोल खाली गेलं की वाट उघडते. म्हणजे वाटीतली पातळी कायम एकच राहायला हवी. या वाटीवर बाहेरच्या हवेचा दाब असतो. वरच्या नळीतून इंजिन हवा ओढतं, तिथे दाब कमी होतो आणि दाबातल्या या फरकामुळे पेट्रोल जेटमधून वर ढकललं जातं. यात पंप नाही, वायर नाही. सगळं काम दाबाच्या फरकावर आणि भोकांच्या मापावर.

आपण रेस देतो तेव्हा केबल एक गोल स्लाईड वर उचलते. स्लाईडच्या पोटात लांब निमुळती सुई लटकलेली असते. स्लाईड जितकी वर तितकी हवा जास्त, आणि सुई जितकी वर तितकं पेट्रोल जास्त. रस्त्यावर पळताना काम करतात ते ही सुई आणि तिच्याखालचा मेन जेट.

स्लोला काय होतं? स्लाईड जवळजवळ खाली टेकलेली असते. सुई आपल्या भोकात घट्ट बसलेली. नळीतून जाणारी हवा इतकी मंद की तिच्या जोरावर मेन जेटमधून पेट्रोल वर येणं शक्यच नाही. म्हणून स्लोसाठी एक वेगळी, अगदी बारीक वाट केलेली असते. वाटीतून पेट्रोल पायलट जेटमध्ये येतं, तिथे त्यात थोडी हवा मिसळते आणि स्लाईडच्या पलीकडे, इंजिनच्या बाजूला, सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून ते बाहेर पडतं. स्लाईड बंद असल्यामुळे इंजिनची सगळी ओढ तिथेच एकवटलेली असते.

एवढं लक्षात आलं की फाटकावरचं कोडं निम्मं सुटतं. पळताना गाडी झकास आहे म्हणून "कार्बोरेटर ओके आहे" असं म्हणता येत नाही, कारण पळतानाची वाट वेगळी आणि थांबल्यावरची वाट वेगळी. आणि स्लोला गाडी मरते म्हणून मेन जेट बदलण्यात काही अर्थ नाही, कारण स्लोला मेन जेटकडून पेट्रोल येतच नाही.

म्हणून निदानाचं सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन तुकडे. एक ग्रिपवर लावा, एक शेजारच्या स्थिर भागावर. रेस बंद असताना दोन्हीवर मिळून एक रेघ मारा. मग पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. गाडी चालवा आणि तक्रार कुठल्या खुणेवर येते ते बघा. बंदपासून अष्टमांशापर्यंत तक्रार असेल तर संशय पायलट जेट आणि हवेचा स्क्रू (मिश्रणातली हवा कमी-जास्त करणारा) यांच्यावर. तिथून पावापर्यंत स्लाईडच्या खालच्या काठाला दिलेली तिरकी काप. पाव ते पाऊण सुई. त्यापुढे मेन जेट. या हद्दी एकमेकींत थोड्या मिसळतात, पण निदानाला पुरतात. गाडीचा वेग किती, गिअर कुठला, याला इथे महत्त्व नाही. ग्रिप किती पिळलेली आहे तेवढंच बघायचं.

आधी कार्बोरेटर सोडून बाकीचं

स्लोची तक्रार घेऊन आलेल्या जुन्या गाडीत बऱ्याचदा कार्बोरेटर निर्दोष असतो. तो बाहेर लटकतो, हाताला लागतो, म्हणून आळ त्याच्यावर येतो.

पॉइंटची गाडी असेल तर आधी पॉइंट, म्हणजे उघडझाप करून प्लगला ठिणगी देणारे संपर्क. बुलेटच्या पॉइंटमधलं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असावं लागतं. पॉइंट जळलेले, खड्डे पडलेले असतील तर ठिणगी कमजोर होते. वेगात इंजिन ते कसंबसं खपवून घेतं, स्लोला घेत नाही. पॉइंटवरची ठिणगी दाबणारा कंडेन्सर जात आला असेल तर आणखी गंमत: सकाळी एका किकमध्ये चालू, आणि गरम झाली की मिसिंग मारून बंद. पॉइंटच्या टोकांवर मोठी पांढरी ठिणगी उडताना दिसली तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. बुलेटमध्ये वेगाप्रमाणे ठिणगीची वेळ पुढे नेणारी वजनं असतात. त्यांच्या स्प्रिंग सैल झाल्या किंवा वजनं गंजून अडकली तर रेस सोडल्यावरही इंजिन खाली येत नाही, किंवा स्लो सारखा वरखाली होतो. लोक हवेचा स्क्रू पिळत बसतात, आणि दोष टायमिंगच्या झाकणाखाली बसलेला असतो.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांमधली मोकळीक, हा दुसरा गुन्हेगार. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्ये थंड असताना पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. टॅपेट घट्ट बसला असेल तर इंजिन गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि स्लो जातो. त्याच बुलेटमध्ये डीकॉम्प्रेसरची (किक मारताना सिलिंडरचा दाब सोडणारा) केबल जरा जास्त ओढलेली असली तरी तेच. कान लावला तर सूं सूं ऐकू येतं.

रेसची केबल तपासायला अर्धं मिनिट पुरतं. गाडी चालू ठेवून हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवा. आवाज चढला तर केबल ताणलेली आहे किंवा चुकीच्या वाटेने नेलेली आहे. तिला थोडी ढील द्या. बऱ्याच गाड्यांचं दुखणं इथेच संपतं.

चोरून येणारी हवा

आता खरा छुपा चोर. कार्बोरेटरने हवा आणि पेट्रोल मोजून दिलं, पण पुढे इंजिनपर्यंत जाताना मध्येच फटीतून जादा हवा शिरली तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. नारळपाणी पिताना स्ट्रॉला वरच्या बाजूला चीर असली की तोंडात पाणी कमी आणि हवाच जास्त येते, तसं. रस्त्यावर जोरात पळताना ही फट फारशी जाणवत नाही, कारण एकूण हवाच भरपूर असते. स्लोला मात्र एकूण हवा इतकी थोडी की चिमूटभर जादा हवेनेही हिशोब बिघडतो.

लक्षण ओळखायला सोपं आहे. रेस देऊन सोडा. इंजिन वरच लटकून राहिलं आणि हळूहळू, अनिच्छेने खाली आलं, तर मिश्रण पातळ आहे. उलट झटकन खाली आलं, गरजेपेक्षा खाली डुबलं आणि मग धाप टाकत सावरलं, तर पेट्रोल जास्त आहे. स्क्रूला हात लावण्याआधी ही चाचणी सगळ्यांनी करावी. तिला पैसे पडत नाहीत.

आरएक्समध्ये कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर चिरतं. वरून धडधाकट दिसतं. काढून हाताने वाकवलं की आतल्या घडीत भेगा दिसतात. फेव्हिक्विक किंवा एमसील लावून ते टिकत नाही, पेट्रोल त्याला खातं. नवं रबर घ्या. बुलेटमध्ये ज्या कार्बोरेटरला दोन नटांचा चपटा कान असतो, तिथे दोष माणसाच्या हाताचा असतो. "घट्ट बसू दे" म्हणत नट इतके आवळले जातात की तो कान केळ्यासारखा वाकतो, मधे फट पडते, आणि फट पडली म्हणून आणखी आवळतात. कार्बोरेटर काढून त्या कानावर स्टीलची पट्टी उभी धरा आणि उजेडाकडे बघा. पट्टीखालून प्रकाश दिसला तर तो वाकला आहे. काचेच्या सपाट तुकड्यावर बारीक पॉलिश पेपर पसरून त्यावर कान हळूहळू इंग्रजी 8 च्या आकारात फिरवत घासला की सपाट होतो. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याही मशीन शॉपमध्ये हे नीट करून मिळतं, पण घरीही जमतं. घासल्यावर आतली रबरी ओ-रिंग नवी टाका आणि मधलं बेकलाईटचं पॅकिंग तडकलेलं नाही ना ते बघा.

फट शोधण्यासाठी काही जण चालू इंजिनवर पेट्रोल शिंपडतात. ते करू नका. गरम सायलेन्सर, उघडी ठिणगी आणि पेट्रोल एकत्र आलं की काय होतं ते सांगायला नको. झाडांना पाणी मारायचा छोटा फवारा पुरतो. इंजिन स्लोला ठेवा, सांध्यावर पाणी मारा. आवाज अडखळला, बदलला, तर तिथूनच हवा आत जाते.

टू-स्ट्रोकवाल्यांना आणखी एक जागा बघावी लागते, आणि तिच्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. येझदी आणि आरएक्समध्ये मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे सिलिंडरखालच्या बंद पेटीत, येतं. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. मॅग्नेटोच्या (वीज तयार करणारा भाग) बाजूचं सील फाटलं तर तिथून हवा ओढली जाते: स्लो आपोआप चढतो, इंजिन तापतं, प्लग पांढरा पडतो, आणि वरून कितीही ट्यूनिंग केलं तरी दाद देत नाही. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर उलट, गिअर ऑइल आत ओढलं जाऊन जळतं, पांढरा धूर निघतो आणि गिअरबॉक्समधलं तेल गळती नसतानाही कमी होत राहतं. अशा गाडीचा कार्बोरेटर तीनदा साफ केला तरी व्यर्थ.

टू-स्ट्रोकबद्दल एक गोष्ट मात्र मान्य करून टाकावी. स्लोला ती घड्याळासारखी चालत नाही. जळका धूर सिलिंडरमधून पूर्ण बाहेर न गेल्यामुळे प्रत्येक फेरीला स्फोट होत नाही, एखादा चुकतो. तो टिंग… टिंग-टिंग असा विस्कळीत ताल तिचा स्वभाव आहे. तो "दुरुस्त" करायला जाऊन चांगल्या आरएक्सची वाट लावलेले लोक प्रत्येक गल्लीत सापडतील.

पेट्रोल येतं का?

गाडी पाच-सात किलोमीटर चालून बंद पडते, जरा थांबलं की पुन्हा चालू होते, असं असेल तर टाकीचं झाकण उघडून बघा. उघडताना स्स्‌ आवाज करून हवा आत गेली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलं आहे. पेट्रोलच्या कॉकखालची जाळी आणि पाइप हे पुढचं. पाइप एखाद्या भांड्यात सोडून कॉक उघडला की धार सलग यायला हवी.

कार्बोरेटरमधून पेट्रोल बाहेर गळत असेल तर फ्लोटची निडल बसत नाही. आधी वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने दोनदा हलकं ठोका. अडकलेला कचरा सुटतो. नाही थांबलं तर निडलच्या टोकावर घासल्याची गोल रेघ उमटली आहे का बघा. पितळी फ्लोट असेल तर तो गरम पाण्यात बुडवून धरा. बुडबुडे आले तर त्याला भोक आहे. आत पेट्रोल शिरून तो जड झाला आहे आणि पातळी वर चढली आहे.

पायलट जेट

एवढं सगळं बघून झालं आणि दोष सापडला नाही, तर आता कार्बोरेटर खोला. कॉक बंद करा, वाटीतलं पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत काढा. ते लगेच फेकू नका, त्याचा उपयोग पुढे सांगतो.

वाटीचे चार स्क्रू बहुधा मऊ आणि हट्टी असतात. नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर डोकं गुळगुळीत होऊन दुसरंच काम लागतं. वाटी निघाली की मधोमध उंच दिसतो तो मेन जेट. त्याच्या शेजारी एका खोल नळकांड्यात, डोकं आत लपवून बसलेला असतो तो पायलट. त्याची खाच अगदी अरुंद असते आणि पितळ मऊ. अरुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर सरळ उभा धरून, दाबून, एका झटक्यात सैल करायचा.

तो हातात घ्या आणि खिडकीच्या उजेडाकडे धरा. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. स्वच्छ जेटमध्ये काठ धारदार असलेला गोल प्रकाशबिंदू दिसतो. घाणेरड्या जेटमध्ये बिंदू दिसतो खरा, पण तो चंद्रकोरीसारखा किंवा तांबूस. इथेच फसायला होतं. "उजेड दिसतोय की, साफ आहे" म्हणून लोक तो परत बसवतात. पण भोकाच्या भिंतीला पेट्रोलचा लाखेसारखा थर चढला असेल तर भोक लहान झालेलं असतं, आणि इतक्या बारीक भोकात तेवढा फरक भरपूर होतो.

टाचणी, शिवणाची सुई, स्टीलची तार काहीही आत घालू नका. पितळ घासलं की भोक मोठं होतं आणि कायमचं मोठं होतं. जेट कार्ब क्लीनरमध्ये तासभर बुडवा, मग लवचिक इलेक्ट्रिक वायरमधला तांब्याचा एकच तंतू हलक्या हाताने आत-बाहेर करा आणि पंक्चरवाल्याकडच्या हवेने फुंका. हवा मारताना जेट चिमटीत घट्ट धरा, नाहीतर शहापूरच्या गटारीत शोधत बसाल.

जेट साफ झाला म्हणजे वाट साफ झाली असं नाही. बॉडीच्या आत खोदलेल्या बोगद्यांतून ते मिश्रण जातं. हवेचा स्क्रू पूर्ण काढा. काढण्याआधी तो किती फेरे बाहेर होता ते मोजून लिहा. त्याच्या भोकातून क्लीनर फवारा आणि नळीत, स्लाईडच्या काठाजवळ, इंजिनच्या बाजूला बघा. तिथल्या इवल्याशा छिद्रांतून बारीक, सरळ धार आली पाहिजे. डोळ्यांवर चष्मा असू द्या, ती धार नेम धरून डोळ्यातच येते. धार आली नाही तर कितीही नवा जेट घाला, गाडी स्लोला थांबणार नाही.

वाटी लावण्याआधी चोकही बघून घ्या. मिकार्ब जातीच्या बऱ्याच कार्बोरेटरमध्ये चोक म्हणजे हवा अडवणारी झडप नसते, जादा पेट्रोलची वेगळी वाट उघडणारा छोटा दट्ट्या असतो. त्याच्या टोकाचं रबर झिजलं तर चोक खाली असतानाही पेट्रोल झिरपतं, स्लो काळा धूर सोडत अडखळतो. याच रचनेमुळे आणखी एक सवय सोडावी लागते. बेळगावच्या डिसेंबरातल्या गार सकाळी चोक ओढून, वर रेस पिळून किक मारणारे बरेच असतात. रेस उघडली की चोकच्या वाटेवरची ओढ जाते आणि चोक निकामी होतो. चोक ओढला असेल तर रेस बंद ठेवूनच किक मारायची. जावा-येझदीच्या जुन्या कार्बोरेटरवर फ्लोट दाबायचं बटण असतं, तिथे हिशोब वेगळा: पेट्रोल ओलं दिसेपर्यंत दाबा, तेवढं बस.

आता स्क्रू

स्क्रू दोन आहेत. एक स्लाईडला खालून टेकू देतो. तो आत घातला की स्लो चढतो. तो फक्त वेग ठरवतो. दुसरा हवेचा, तो मिश्रण ठरवतो. दुसरा स्क्रू जर एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो: आत घातला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं, बाहेर काढला की कमी. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल मोजतो आणि सगळं उलटं होतं. बुलेट, आरएक्सच्या कार्बोरेटरवर तो फिल्टरच्या बाजूला असतो.

इंजिन पूर्ण गरम करा, निदान दहा किलोमीटर चालवून आणा. थंड इंजिनवर केलेलं ट्यूनिंग गरम झाल्यावर खोटं ठरतं. हवेचा स्क्रू अलगद तळापर्यंत आत घाला. आवळू नका, त्याचं टोक नाजूक असतं. मग दीड फेरा बाहेर काढा. गाडी चालू करून पहिल्या स्क्रूने स्लो थोडा चढा ठेवा. आता हवेचा स्क्रू पाव फेरा फिरवा आणि थांबा. पाच-सहा सेकंद ऐका. इंजिनला नवं मिश्रण पोचायला वेळ लागतो, आणि घाई करणारा माणूस मागच्या फेऱ्याचा परिणाम या फेऱ्याचा समजतो. जिथे आवाज सर्वांत चढा आणि सलग येतो ती जागा धरा. स्लो फार चढला तर पहिल्या स्क्रूने खाली आणा. पुन्हा एकदा हेच करा.

ती जागा एक ते दोन फेऱ्यांच्या आसपास सापडली तर उत्तम. अर्ध्या फेऱ्याच्या आत सापडली, म्हणजे इंजिन पेट्रोल मागतंय: पायलट जेट अजून घाण आहे, लहान आहे किंवा कुठेतरी हवा शिरते आहे. तीन फेरे बाहेर काढूनही फरकच पडत नसेल तर पेट्रोल जास्त येतंय: जेट मोठा, फ्लोटची पातळी चढी किंवा चोक झिरपतो. तुमचं उत्तर दोष कुठे आहे ते सांगतं. तेवढ्यासाठी तरी ते मोजून लिहून ठेवा.

बुलेटवाल्यांचा एक हट्ट असतो: तो जुना धक… धक… ऐकायचा म्हणून स्लो इतका उतरवायचा की दोन ठोक्यांत माणूस शिंकून घेईल. ऐकायला छान वाटतं. पण तितक्या स्लोला ऑइल पंप धड फिरत नाही आणि चार्जिंगही होत नाही. हेडलाइटवरचा अँमीटर उणेकडे झुकलेला दिसतो. मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे ठेवा, आवाज तरीही बुलेटचाच येतो.

उसाचं पेट्रोल

आता ती काचेची बाटली उजेडात धरा. पेट्रोल एकसंध असेल तर ठीक. तळाशी वेगळा, पाण्यासारखा थर दिसत असेल तर तो पाणी आणि इथेनॉलचा (पेट्रोलमध्ये मिसळतात ते अल्कोहोल).

वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं, आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. बेळगाव जिल्हा साखर कारखान्यांचा, गणेशपूरला साखरेची स्वतंत्र संस्था आहे. त्या उसापासूनही हे इथेनॉल निघतं. शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण १९८५ च्या कार्बोरेटरला हे कुणी विचारलं नव्हतं. साधं पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. वीस टक्क्यांच्या मिश्रणाला साडेतेरा पटीच्या आसपास. जेट तोच, भोक तेच, म्हणून जुन्या गाडीत मिश्रण आपोआप पातळ होतं. पायलट जेट एक नंबर मोठा घालावा लागणं किंवा हवेचा स्क्रू पूर्वीपेक्षा पाव-अर्धा फेरा आत बसणं हे आता नेहमीचं झालं आहे.

त्याहून त्रासाची गोष्ट म्हणजे इथेनॉल हवेतली ओल शोषतं. जांबोटी, कणकुंबी भागात पावसाळ्यात भिंतींनाही पाझर फुटतो. तिथे गाडी जून ते सप्टेंबर झाकून ठेवली तर वाटीत काय तयार होतं ते दसऱ्याला खोलून बघावं. पांढरट-हिरवट बुरशीसारखा थर, चिकट तळ. येझदीत तर पेट्रोल उडून जातं आणि मिसळलेलं ऑइल तेवढं मागे राहतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा आणि मग वाटी रिकामी करा. जुने रबरी पाइप, निडलची टोकं इथेनॉलने फुगतात. नवे घेताना इथेनॉलला टिकणारे मागून घ्या.

चोर्ला उतरताना

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथली हवा पणजीपेक्षा सात टक्क्यांच्या आसपास विरळ. म्हणजे इथे नेमकं ट्यून केलेली गाडी गोव्यात किंचित पातळ चालते. फरक थोडा आहे, जेट बदलण्याइतका नाही. पण आधीच पातळ असलेली गाडी गोव्याकडे जाणारा चोर्ला घाट उतरताना बोलायला लागते: रेस बंद, गिअर दुसरा, आणि सायलेन्सरमधून फट्‌ फट्‌ फटाके. उतारावर रेस बंद असताना इंजिनला पुरवठा एकट्या पायलटकडूनच होतो. तो पातळ असला की काही मिश्रण सिलिंडरमध्ये न जळता सायलेन्सरमध्ये जाऊन पेटतं. हवेचा स्क्रू पाव फेरा आत घालून बघा. थांबलं नाही तर इंजिन आणि सायलेन्सरच्या सांध्याचं पॅकिंग बघा, तिथून शिरणाऱ्या हवेनेही हेच होतं.

कधी कधी सगळं करूनही स्लो टिकत नाही, आणि तेव्हा कार्बोरेटरच म्हातारा झालेला असतो. वर्षानुवर्षं धूळ खाऊन स्लाईड झिजते. बोटाने हलवली की टकटक वाजते, आणि तिच्या कडेने शिरणाऱ्या हवेवर कुठल्याच स्क्रूचा ताबा नसतो. अशा वेळी नवा कार्बोरेटर घेण्याला पर्याय नाही. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त किटमध्ये जेटवर कोरलेला नंबर आणि प्रत्यक्ष भोक यांचा मेळ दरवेळी असतोच असं नाही. म्हणून जुने जेट फेकू नका. नंबर लिहून एका डबीत ठेवा आणि नवा जेट बसवण्याआधी दोन्ही शेजारी शेजारी उजेडाकडे धरून बघा.